सिगविन आणि विंडोज: एका फोल्डरच्या परमिशन्स एकाच्याच हाती

सोलापूरच्या अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल-चादरीच्या कारखान्याचं ऑफिस डोळ्यांसमोर आणा. जॅकार्डचं डिझाइन सॉफ्टवेअर विंडोजवर, हिशोब विंडोजवर, एक्सपोर्टची कागदपत्रं एक्सेल आणि वर्डमध्ये. पण डिझाइनच्या फाइल्स रोज रात्री तारखेनुसार लावणं, बिलांच्या सीएसव्ही एकत्र करणं, बॅकअप दुसऱ्या मशीनवर ढकलणं ही कामं कुणीतरी बॅश स्क्रिप्टवर सोपवलेली असतात आणि त्यासाठी सिगविन, म्हणजे विंडोजवर युनिक्सच्या कमांड चालवू देणारं सॉफ्टवेअर, बसवलेलं असतं. महिनोन्‌महिने सगळं सुरळीत चालतं. मग एके सकाळी डिझाइन विभागातून निरोप येतो: फाइल दिसते, पण उघडत नाही, "अ‍ॅक्सेस डिनाइड" म्हणते.

यावर पहिला उपाय म्हणून जो तो सिगविनच्या खिडकीत जातो आणि चमॉड ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळे हक्क देणारी कमांड, मारतो. फाइल उघडते आणि प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. खरं तर तो तिथूनच वाढायला लागतो. माझं म्हणणं सरळ आहे: जो फोल्डर विंडोजवरची माणसं वापरतात, त्याच्या परमिशन्स विंडोजच सांभाळेल, सिगविनने त्यांना हातही लावायचा नाही. जो फोल्डर फक्त सिगविनचा आहे, तिथे सिगविनचा कारभार. दोघांची सरमिसळ कुठेही नको. हे एकदा नीट मांडलं की सिगविनच्या सेटिंगच्या एका फाइलमध्ये एक ओळ बदलून बहुतेक त्रास संपतो. पण ती ओळ का लागते हे कळलं नाही, तर चार महिन्यांनी दुसरा कुणीतरी ती काढून टाकतो. म्हणून आधी कारण.

(कमांड आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत करायची. जिथे कॅपिटल अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.)

युनिक्समध्ये एखादा माणूस फाइल उघडायला जातो तेव्हा तो कोणत्या वर्गात बसतो हे आधी ठरतं: मालक, ग्रुप की इतर. ज्या वर्गात तो पहिल्यांदा बसला, त्याच वर्गाचे तीन बिट लागू, पुढचं पाहिलंच जात नाही. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये तसं नाही. तिथे फाइलवर नोंदींची यादी असते, जिला एसीएल म्हणतात. माणसाला लागू पडणाऱ्या सगळ्या "परवानगी आहे" नोंदी एकत्र जमा होत जातात. मध्ये एखादी "परवानगी नाही" अशी नकाराची नोंद आली, तर तोवर न मिळालेला हक्क तिथे अडतो.

आता ६०४ परमिशनची फाइल घ्या: मालकाला वाचणं-लिहिणं, ग्रुपला काहीच नाही, बाकी सगळ्यांना वाचणं. एसीएलमध्ये मालकाची एक नोंद आणि "एव्हरीवन"ची एक नोंद टाकली, तर ग्रुपमधला माणूसही एव्हरीवनमध्ये येतोच, म्हणजे तोही वाचणार. त्याला अडवायचं तर ग्रुपवर नकाराची नोंद हवी. पण मालक स्वतःही बहुधा त्याच ग्रुपमध्ये असतो. नकार आधी ठेवला तर मालकच अडतो. म्हणून सिगविन मालकाची परवानगी आधी आणि ग्रुपचा नकार नंतर अशा क्रमाने नोंदी लिहितं. विंडोजचा कर्नल नोंदी वरून खाली वाचतो, त्याला या क्रमाचं वावडं नाही. पण एक्सप्लोररच्या सिक्युरिटी टॅबला सगळे नकार आधी आणि परवानग्या नंतर असा ठरलेला क्रम हवा असतो. तसा तो दिसला नाही की "परमिशन्सचा क्रम चुकीचा आहे, काही नोंदी लागू होणार नाहीत" असा इशारा येतो आणि क्रम सुधारायचं बटण पुढे केलं जातं.

ते बटण दाबू नका. दाबलं की ग्रुपवरचा नकार मालकाच्या परवानगीच्या वर जाऊन बसतो, आणि ज्याने फाइल बनवली त्यालाच ती उघडत नाही. इशारा वाचून घाबरलेल्या माणसाने सद्भावनेने दाबलेलं हे बटण अनेक ठिकाणी खऱ्या बिघाडाचं मूळ असतं.

सिक्युरिटी टॅबमध्ये आणखी एक गोष्ट दिसते, तीही लोकांना दचकवते: "नल एसआयडी" नावाच्या कुणावर तरी टाकलेला नकार (एसआयडी म्हणजे विंडोजमधला युजरचा किंवा ग्रुपचा ओळखक्रमांक). व्हायरस नाही. सिगविनच्या २.४ आवृत्तीपासून परमिशनची पद्धत नव्याने लिहिली गेली. पॉझिक्स, म्हणजे युनिक्सच्या मानक, एसीएलमधला मास्क (हक्कांची कमाल मर्यादा) आणि सेटजीआयडीसारखे खास बिट साठवायला विंडोजच्या यादीत जागाच नाही, म्हणून ते या नोंदीत ठेवले जातात. नल एसआयडी कुठल्याच माणसाच्या टोकनमध्ये, म्हणजे लॉगिनच्या ओळखपत्रात, नसतो, त्यामुळे त्या नकाराने कुणी अडत नाही.

जुन्या सिगविनमध्ये हे सगळं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये "एनटीसेक" लिहून चालू-बंद व्हायचं, संपूर्ण सिगविनसाठी एकदमच. २००९ च्या १.७ आवृत्तीत ते गेलं आणि त्याजागी प्रत्येक माउंटला (सिगविनमध्ये जोडलेल्या ड्राइव्हला किंवा फोल्डरला) स्वतंत्र पर्याय देणारी एफएसटॅब फाइल आली. इंटरनेटवर अजून एनटीसेकचे सल्ले फिरतात. ते आता निरुपयोगी आहेत.

एक ओळ

ईटीसी डिरेक्टरीतली एफएसटॅब उघडा. नव्या इन्स्टॉलेशनमध्ये तिच्यात सिगड्राइव्हची (cygdrive, म्हणजे सी, डी हे विंडोजचे ड्राइव्ह सिगविनमध्ये जिथे दिसतात ती जागा) एक ओळ असते. ती अशी करायची:

नन /सिगड्राइव्ह सिगड्राइव्ह बायनरी,पॉझिक्स=०,नोअ‍ॅकल,युजर ० ०

मूळ ओळीत फक्त "नोअ‍ॅकल" हा शब्द (noacl) वाढवलाय. स्वल्पविरामांच्या मागेपुढे जागा सोडायची नाही, नाहीतर रकाने सरकतात. फाइल साध्या एडिटरने, युनिक्सच्या ओळशेवटासह जतन करा. मग सिगविनच्या सगळ्या खिडक्या बंद करा. सगळ्या म्हणजे मागे चालणारा क्रॉन (ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारा) किंवा एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून सुरक्षित लॉगिन देणारी) सर्व्हिसही, कारण माउंटची यादी सिगविनच्या सगळ्या प्रोसेस मिळून वापरतात आणि एक जरी जिवंत राहिली तर जुनीच यादी चालू राहते. "बदल केला पण काहीच फरक नाही" या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. पुन्हा सुरू केल्यावर नुसतं "माउंट" टाइप करा. सी आणि डी ड्राइव्हच्या ओळींत नोअ‍ॅकल दिसलं पाहिजे. ते दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका.

यानंतर सिगड्राइव्हखाली सिगविन एसीएल वाचतही नाही आणि लिहितही नाही. नवी फाइल बनली की तिच्या परमिशन्स वरच्या फोल्डरकडून विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीने वारशाने येतात, एक्सप्लोररमध्ये नवी फाइल बनवल्यावर येतात तशाच. डिझाइनवाल्याला फाइल उघडते, कारण फोल्डर त्याला उघडा आहे.

याची किंमतही आहे, ती माहीत हवी. फाइलींची यादी देणारी एलएस -एल कमांड आता जे दाखवते ते सजावटीपुरतं: मालक म्हणून तुमचंच नाव, फोल्डर ७५५, साध्या फाइल ६४४. चमॉड ६०० (फक्त मालकाला उघडं) मारलं तर कमांड बिनतक्रार यशस्वी होते आणि प्रत्यक्षात काहीही बदलत नाही. एवढंच घडतं की लिहिण्याची परवानगी काढली तर विंडोजचा रीड-ओन्ली गुणधर्म लागतो. त्यामुळे गुप्त काही असेल, पासवर्डची फाइल किंवा एसएसएचची किल्ली, तर ती नोअ‍ॅकल जागी ठेवून चमॉडवर विसंबणं धोक्याचं. ती सिगविनच्या होम फोल्डरमध्येच हवी.

स्क्रिप्टमध्ये फाइलवर लिहिता येतं का हे टेस्टच्या -डब्ल्यू पर्यायाने तपासत असाल, तर तेही आता भरवशाचं नाही. सजावटीचे बिट "हो" म्हणतील आणि प्रत्यक्ष लिहिताना विंडोज नकार देईल. आधी विचारत बसण्यापेक्षा सरळ लिहून पाहा आणि कमांडचा परतीचा कोड तपासा.

चालवण्याचा एक्स बिट मात्र सिगविन अंदाजाने ठरवतं. नाव .ईएक्सई असेल, किंवा फाइलची सुरुवात "#!" ने होत असेल, तर ती चालवण्याजोगी. इथे मराठी माणसाला हमखास नडणारी एक अडचण आहे. स्क्रिप्टमध्ये मराठी मजकूर आहे म्हणून ती नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ म्हणून जतन केली जाते. जुनं नोटपॅड अशा फाइलच्या अगदी सुरुवातीला बीओएम नावाची तीन बाइटची खूण टाकतं. मग "#!" पहिल्या दोन अक्षरांत उरत नाही, एक्स बिट नाहीसा होतो आणि स्क्रिप्ट "परमिशन डिनाइड" म्हणते. परमिशनचा इथे काडीचाही संबंध नसतो. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून नोटपॅड बीओएमशिवाय जतन करतं, पण कारखान्यांत जुनी मशीनं अजून भरपूर आहेत. "फाइल" कमांडने तपासलं की बीओएम आहे का ते लगेच कळतं. तीच गोष्ट सीआर अक्षराची: ओळशेवट विंडोजचे असले तर इंटरप्रिटरच्या नावाला ते अदृश्य अक्षर चिकटतं आणि इंटरप्रिटर सापडत नाही. डॉस-टू-युनिक्स कमांडने ते निघतं.

हा अंदाज बांधायला सिगविनला प्रत्येक फाइल उघडून पहिले काही बाइट वाचावे लागतात. हजारो बिटमॅप असलेल्या डिझाइनच्या फोल्डरवर, तेही नेटवर्कवरून, एलएस -एल रेंगाळतं ते त्यामुळे. असा निव्वळ डेटाचा फोल्डर वेगळा माउंट करून त्याला नोअ‍ॅकलसोबत नोटएक्झेक (notexec) द्या, म्हणजे फाइली उघडून पाहणं थांबतं. ओळ अशी:

डी:/डिझाइन /डिझाइन एनटीएफएस बायनरी,नोअ‍ॅकल,नोटएक्झेक ० ०

फोल्डरच्या नावात जागा असेल तर ती या फाइलमध्ये उलटी तिरकी रेघ आणि ०४० अशी लिहायची. आणि मग स्क्रिप्टमध्ये सगळीकडे /डिझाइन हाच पत्ता वापरा. एकाच फोल्डरकडे कधी /डिझाइनवरून तर कधी /सिगड्राइव्ह/डी वरून गेलात, तर दोन वाटांवर दोन वेगळे नियम लागू होतात आणि गोंधळाला पुन्हा दार उघडतं. नेटवर्कवरच्या शेअरलाही अशीच स्वतंत्र ओळ द्या. सिगड्राइव्हची ओळ फक्त ड्राइव्हच्या अक्षरांपुरती आहे, दोन तिरक्या रेघांनी सुरू होणारे पत्ते तिच्यात येत नाहीत. शेअर लिनक्सच्या सांबा सर्व्हरवर (विंडोजला फाइली देणाऱ्या) असेल आणि एसीएल चालू ठेवले असतील, तर मालकाच्या जागी "युनिक्स_युजर+१०००" अशी नावं दिसतात, कारण तिकडचा युजर विंडोजला ओळखीचाच नसतो. नोअ‍ॅकलमध्ये ही भानगड उरत नाही.

सिगविनच्या स्वतःच्या रूटला, म्हणजे होम, ईटीसी, टीएमपी यांना, नोअ‍ॅकल लावू नका. एसएसएच सर्व्हर चालवत असाल तर तो होम फोल्डरची आणि किल्ल्यांच्या फाइलची परमिशन काटेकोर तपासतो. तिथे खरे बिट हवेत.

मधल्या वाटेवरची चूक

एवढं करूनही एक तक्रार उरते, आणि तिचं कारण शोधायला सर्वांत जास्त वेळ जातो. रात्रीची स्क्रिप्ट मेकटेम्पने टीएमपीमध्ये तात्पुरती फाइल बनवते, तिच्यात अहवाल लिहिते आणि शेवटी एमव्हीने सामायिक फोल्डरमध्ये नेऊन ठेवते. लिनक्सवर हा शिष्टाचारच आहे, आणि चांगला आहे. पण मेकटेम्प फाइल ६०० ने बनवतं. टीएमपी हा सिगविनच्या रूटखाली, म्हणजे तिथे एसीएल खरे. आणि एकाच व्हॉल्यूममध्ये फाइल हलवली की विंडोज तिचा एसीएल बदलत नाही, तो जसाच्या तसा सोबत जातो. नव्या फोल्डरचा वारसा फक्त नव्याने बनलेल्या किंवा कॉपी केलेल्या फाइलला मिळतो. परिणामी सामायिक फोल्डरमध्ये एकट्या मालकाला उघडणारी फाइल येऊन पडते. नोअ‍ॅकल इथे काही करू शकत नाही, कारण ते आधीचे एसीएल पुसत नाही, फक्त नवे लिहीत नाही.

हाच प्रकार सिगविन सी ड्राइव्हवर आणि सामायिक फोल्डर डी ड्राइव्हवर असेल तर दिसत नाही, कारण व्हॉल्यूम वेगळे असले की एमव्ही प्रत्यक्षात कॉपी करून मूळ पुसतं. म्हणून एका ऑफिसात चालणारी स्क्रिप्ट दुसऱ्या ऑफिसात रडते. उपाय दोनपैकी कुठलाही: एमव्हीऐवजी सीपी (कॉपी) आणि मग आरएम (मूळ पुसणं), सीपीला -पी पर्याय न देता, किंवा मेकटेम्पला -पी पर्यायाने तात्पुरती फाइल सामायिक फोल्डरच्या आतच बनवायला सांगा. मला दुसरा जास्त आवडतो, कारण शेवटचं नाव बदलणं एका झटक्यात होतं आणि कुणाला अर्धवट फाइल दिसत नाही. अशा तात्पुरत्या फाइलींसाठी सामायिक फोल्डरच्या आत एक वेगळा उपफोल्डर ठेवला तर डिझाइनवाल्यांना भलती नावं दिसणार नाहीत.

फाइली दुसरीकडे जुळवून नेणाऱ्या आरसिंकची तऱ्हाही अशीच. सवयीने -ए लावला की तो मालक, ग्रुप, परमिशन सगळं ओढून न्यायला बघतो. सामायिक फोल्डरकडे नेताना -आरटी पुरे, त्याबरोबर --नो-पी --नो-जी आणि --चमॉड=यूजीओ=आरडब्ल्यूएक्स, यातला शेवटचा एक्स कॅपिटल. फाइलींचा गठ्ठा टारने उघडताना --नो-सेम-परमिशन्स आणि --नो-सेम-ओनर द्या.

बिघडलेला फोल्डर पूर्ववत करताना

वर्षानुवर्षं चमॉड खाल्लेला फोल्डर आधी स्वच्छ करावा लागतो, नाहीतर नोअ‍ॅकल लावूनही जुन्या फाइल तशाच अडून राहतात. हे काम सिगविनमधून करू नका. विंडोजचा कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. विशेषतः गिट बॅश किंवा एमसिस२ या सिगविनसारख्याच खिडक्यांतून तर मुळीच नको: तिरक्या रेघेने सुरू होणारं अक्षर त्यांना युनिक्सचा पत्ता वाटतो, त्यामुळे /टी हा पर्याय टी: ड्राइव्ह होऊन बसतो. तिथूनच करायची वेळ आली तर रेघ दोनदा लिहावी लागते.

आधी सध्याचे एसीएल विंडोजच्या आयकॅकल्स (icacls) कमांडने साठवून घ्या: आयकॅकल्स डी:\काम /सेव्ह डी:\काम-एसीएल.टीएक्सटी /टी /सी. काही बिघडलं तर याच फाइलमधून परत आणता येतात, पण परत आणताना पत्ता डी:\काम नव्हे, तर त्याच्या वरचा डी:\ द्यायचा असतो, कारण फाइलमध्ये "काम" हे नाव आधीच लिहिलेलं असतं. इथे लोक हमखास अडतात.

काही फाइल अ‍ॅडमिनिस्ट्रेटरलाही उघडत नसतील तर टेकओन /एफ डी:\काम /आर /ए ने मालकी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स ग्रुपकडे घ्या. नंतर वरच्या फोल्डरवर ज्यांना हक्क हवेत त्यांच्या नोंदी ठेवा. माझा आग्रह आहे की व्यक्तींची नावं घालू नका. "डिझाइन", "हिशोब" असे स्थानिक ग्रुप बनवा आणि माणसं त्यांत घाला. कामगार बदलतात, ग्रुप राहतात. आयकॅकल्स डी:\काम /ग्रँट नंतर ग्रुपचं नाव, अपूर्णविराम, कंसात ओआय, कंसात सीआय आणि शेवटी एम. ओआयमुळे हक्क फाइलींना उतरतो, सीआयमुळे उपफोल्डरांना, एम म्हणजे वाचणं, लिहिणं आणि पुसणं. संपूर्ण ताब्याचा एफ देऊ नका, त्याने ज्याला त्याला परमिशन बदलायचाही हक्क मिळतो आणि आपण पुन्हा पहिल्या पायरीवर. ही तिन्ही अक्षरं कॅपिटलमध्ये लिहा, वाचायला सोपी जातात.

आता आतलं सगळं साफ: आयकॅकल्स डी:\काम\* /रीसेट /टी /सी /क्यू. शेवटची फुली (*) विसरू नका. फुलीशिवाय वरचा फोल्डरही रीसेट होतो आणि आत्ता टाकलेल्या ग्रुपच्या नोंदी जातात. रीसेटने प्रत्येक फाइलवरच्या स्वतंत्र नोंदी, नकार, नल एसआयडी सगळं जातं आणि फक्त वरून आलेला वारसा उरतो. लाखभर फाइली असतील तर वेळ लागतो. मध्येच लाइट गेली तरी घाबरू नका, तीच कमांड पुन्हा चालवली की राहिलेलं पूर्ण होतं, दोनदा चालवल्याने नुकसान नाही. मात्र ही कमांड सी:\ वर, विंडोजच्या फोल्डरवर किंवा सिगविनच्या रूटवर कधीही चालवायची नाही. पहिल्या दोन ठिकाणी विंडोज मोडेल, तिसऱ्या ठिकाणी एसएसएच.

तपासताना साध्या युजरने तपासा. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेली सिगविनची खिडकी बॅकअप आणि रिस्टोअरचे विशेष हक्क वापरते, तिला जवळपास काहीच अडत नाही. त्या खिडकीत "चालतंय" दिसलं याला काही अर्थ नाही. आणि एरर नीट वाचा. "डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी" आलं तर परमिशनचा विषयच नाही, फाइल कुणीतरी एक्सेलमध्ये उघडून ठेवली आहे.

जुन्या इन्स्टॉलेशनमध्ये आणखी एक ठिकाण बघा. ईटीसीमध्ये पासवर्ड आणि ग्रुप या फाइली, म्हणजे पासडब्ल्यूडी आणि ग्रुप, पडलेल्या असतात. २०१५ च्या १.७.३४ आवृत्तीपासून सिगविन युजरची माहिती थेट विंडोजकडून घेतं, पण त्या फाइली सापडल्या तर आधी त्याच वाचतं. त्यांतले जुने क्रमांक आणि आजचे क्रमांक जुळत नाहीत आणि मालकाच्या जागी भलतंच नाव येतं. दोन्हींची नावं बदलून बाजूला ठेवा. नव्या पद्धतीत स्थानिक युजरचा क्रमांक म्हणजे १,९६,६०८ अधिक विंडोजचा आरआयडी, म्हणजे एसआयडीतला शेवटचा आकडा. आरआयडी १००१ असेल तर १९७६०९. डोमेन नसलेल्या मशीनवर ग्रुप बहुधा "नन" नावाचा दिसतो, त्याचा क्रमांक १९७१२१. हे आकडे दिसले म्हणजे सगळं ठीक आहे.

गिट (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर नोअ‍ॅकलनंतर एक काम करा. सिगविनचं गिट एक्स बिट खरा मानतं, म्हणून काही न बदलता शेकडो फाइली "ओल्ड मोड १००७५५, न्यू मोड १००६४४" म्हणत बदललेल्या दिसतील. गिट कॉन्फिगमध्ये कोअर.फाइलमोड फॉल्स करा. गिट तसंही चालवता येतं की नाही एवढंच साठवतं, बाकी बिट त्याच्या खिजगणतीत नाहीत. सर्व्हरवर जाणाऱ्या स्क्रिप्टला एक्स हवा असेल तर गिट अ‍ॅड --चमॉड=+एक्स ने तो थेट गिटच्या नोंदीत लिहा.

डब्ल्यूएसएलवर जाणार असाल तर

डब्ल्यूएसएल म्हणजे विंडोजच्या आत चालणारं लिनक्स. तिथे गणित वेगळं आहे आणि माझ्या मते जास्त शहाणपणाचं. एमएनटी खालच्या विंडोज ड्राइव्हवर मुळात सगळं ७७७ दिसतं, चमॉड काही करत नाही. डब्ल्यूएसएल.कॉन्फमध्ये ऑटोमाउंटखाली ऑप्शन्सला "मेटाडेटा,युमास्क=२२,एफमास्क=११" दिलं की युनिक्सचा मालक आणि बिट एनटीएफएसच्या विस्तारित गुणधर्मांत वेगळे लिहिले जातात. विंडोजच्या एसीएलला धक्का लागत नाही, त्यामुळे इथे मारलेल्या चमॉडने डिझाइनवाल्याची फाइल बंद पडत नाही. ते बिट फक्त लिनक्सच्या बाजूने पाळले जातात, आणि विंडोजने नाही म्हटलं तर इथेही नाहीच.

एफमास्क १११ करायचा मोह होतो, म्हणजे फाइली नीटस ६४४ दिसतील. पण मग विंडोजच्या .ईएक्सई फाइलींचाही एक्स बिट जातो आणि डब्ल्यूएसएलमधून नोटपॅड किंवा व्हीएस कोड उघडायला गेलात की "परमिशन डिनाइड". ११ ठेवला तर फाइली ७४४ दिसतात, थोड्या ओबडधोबड, पण सगळं चालतं. बदल केल्यावर विंडोजच्या बाजूने डब्ल्यूएसएल --शटडाउन द्या, नुसती खिडकी बंद करून भागत नाही.

एसएसएचची किल्ली डाउनलोड्समधून थेट वापरायला गेलात तर ७७७ पाहून एसएसएच ती नाकारतं, आणि ते बरोबरच करतं. ती लिनक्सच्या होममधल्या .एसएसएच फोल्डरमध्ये कॉपी करून तिथे चमॉड ६०० करा. मेटाडेटाचे बिट पेनड्राइव्हवर किंवा झिपमध्ये सोबत जात नाहीत, तेव्हा फोल्डर अशा मार्गाने दुसऱ्या मशीनवर नेल्यावर स्क्रिप्टना पुन्हा +एक्स द्यावा लागतो.